आयव्हीएफपूर्वीचे हार्मोन रिपोर्ट कसे वाचावेत

मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत हातात एक जाड फाईल येते. तिच्यात एएमएच, एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल, टीएसएच, प्रोलॅक्टिन अशा नावांसमोर आकडे असतात आणि एखाद्या आकड्याच्या शेजारी ठळक अक्षरांत ‘कमी’ किंवा ‘जास्त’ असे छापलेले असते. डॉक्टरांची भेट चार दिवसांनी असते, आणि त्या चार दिवसांत घरातील प्रत्येक जण त्या एका शब्दावरून उपचार यशस्वी होणार की नाही याचा निर्णय करून मोकळा होतो. हे आकडे कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतात, ते केव्हा आणि कसे मोजलेले असावेत, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांच्याविषयी काय विचारावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. उपचारांचा निर्णय मात्र तपासणी करणाऱ्या वंध्यत्वतज्ज्ञांनीच घ्यायचा आहे.

आयव्हीएफमध्ये इंजेक्शने देऊन अंडाशयात एकाच वेळी अनेक बीजे वाढवतात, ती काढून लॅबमध्ये शुक्राणूंशी फलित करतात आणि तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडतात. अशा एका खेपेला फेरी म्हणतात. म्हणून सर्वप्रथम दोन प्रश्न वेगळे करावेत. बीजवाढीच्या इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देतील, म्हणजे एका फेरीत साधारण किती बीजे मिळतील, हा पहिला प्रश्न होय. त्या बीजांपासून मूल जन्माला येईल का, हा दुसरा. बहुतेक हार्मोन तपासण्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी देतात आणि दुसऱ्याचे फार अंधुक देतात. रिपोर्ट वाचताना होणारा जवळजवळ प्रत्येक गैरसमज पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळे होतो. कणगीत दाणे किती आहेत हे मोजता आले, म्हणून त्यांतले किती उगवतील हे कळत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर सर्वाधिक प्रभाव असलेला आकडा रक्ततपासणीत नसतोच. तो आधार कार्डावर असतो. स्त्रीचे वय वाढते तसे बीजांमधील गुणसूत्रांच्या विभाजनात चुका वाढतात. पस्तिशीच्या आतील स्त्रीच्या भ्रूणांपैकी साधारण एक-तृतीयांश भ्रूणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली आढळते, तर बेचाळिशीच्या पुढे हे प्रमाण तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक होते. असे भ्रूण बहुतांश वेळा रुजत नाहीत, किंवा रुजले तरी लवकर गर्भपात होतो. त्यामुळे एएमएच (अंडाशयातील बीजांच्या शिल्लक साठ्याचा अंदाज देणारे हार्मोन) ०.८ असलेली तीस वर्षांची स्त्री आणि एएमएच ३ असलेली बेचाळीस वर्षांची स्त्री यांच्यात पहिलीला बीजे कमी मिळतील, पण तिच्या प्रत्येक बीजापासून मूल होण्याची शक्यता जास्त असेल. युनायटेड किंग्डममधील एक लाखाहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवरून ॲबरडीन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये आयव्हीएफच्या यशाचा अंदाज वर्तवणारे एक गणिती प्रारूप प्रसिद्ध केले. त्यात वय, वंध्यत्वाचा कालावधी, पूर्वीची गर्भधारणा आणि वंध्यत्वाचे कारण असे घटक होते. एएमएच नव्हते, आणि तरीही ते प्रारूप उपयोगी ठरले. फाईल उघडण्यापूर्वी एका कागदावर स्त्रीचे पूर्ण झालेले वय, किती वर्षांपासून प्रयत्न चालू आहेत आणि पूर्वी कधी दिवस गेले होते का, या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात आणि पुढचा प्रत्येक आकडा त्या कागदाशेजारी ठेवून वाचावा.

तपासणी नीट झाली आहे का, हे आधी पाहावे

चुकीच्या दिवशी घेतलेल्या रक्ताचा अचूक रिपोर्टही दिशाभूल करतो. एफएसएच आणि एलएच (अंडाशयांना चालना देणारी पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन) आणि इस्ट्राडिओल (वाढत्या फॉलिकलमधून, म्हणजे बीज असलेल्या पिशवीतून, येणारे हार्मोन) या तपासण्या पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसात कराव्या लागतात. पाळीचा पहिला दिवस म्हणजे नेहमीसारखा रक्तस्राव सुरू झालेला दिवस. त्याआधीचे डाग मोजू नयेत. पाळी रात्री उशिरा सुरू झाली तर दिवस कसा मोजायचा, हे केंद्राला फोन करून विचारावे, कारण याबाबत सर्वांची पद्धत एकसारखी नसते. एएमएच, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे हार्मोन) आणि प्रोलॅक्टिन (दूध निर्माण करणारे हार्मोन) यांसाठी पाळीचा दिवस पाहावा लागत नाही. प्रोजेस्टेरॉन या बीज फुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनने बीज फुटल्याची खात्री करायची असेल तर ती तपासणी पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करतात. सर्वांना सरसकट ‘एकविसाव्या दिवशी या’ असे सांगितले जाते, ते अठ्ठावीस दिवसांच्या पाळीपुरतेच खरे आहे. पस्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीचे बीज एकविसाव्या दिवशी नुकतेच फुटत असते, आणि त्या दिवशीचा रिपोर्ट तिला उगाचच ‘बीज तयार होत नाही’ असे सांगतो. योग्य दिवशी घेतलेले प्रोजेस्टेरॉन ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर बीज फुटले आहे असे मानतात.

चालू असलेल्या औषधांची यादी रिपोर्टसोबत ठेवावी. गर्भनिरोधक गोळ्या घेत असताना एएमएच खरे असते त्यापेक्षा कमी दिसते, म्हणून गोळ्या थांबवून दोन-तीन महिन्यांनी केलेली तपासणी अधिक विश्वासार्ह असते. केसांसाठी आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिनकडे तर कुणाचेच लक्ष जात नाही. अनेक यंत्रांवरील हार्मोन तपासणीची रासायनिक पद्धतच बायोटिनवर आधारलेली असल्याने, रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच, एफएसएच यांसारखे आकडे खोटे कमी आणि इस्ट्राडिओल, प्रोजेस्टेरॉनसारखे आकडे खोटे जास्त येऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. अशा गोळ्या चालू असतील तर लॅबला तसे सांगावे आणि रक्त देण्यापूर्वी त्या किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारून घ्यावे.

मग एकक पाहावे. भारतातील बहुतेक लॅब एएमएच नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात. ब्रिटनसह इतर अनेक देशांत ते पिकोमोल प्रति लिटरमध्ये असते, आणि पहिल्याला ७.१४ ने गुणले की दुसरे मिळते. लंडनमध्ये तपासणी करून उपचारांसाठी पुण्या-मुंबईला येणाऱ्या जोडप्यांच्या फाईलमध्ये ही दोन्ही एकके एकत्र येतात, आणि ७ पिकोमोल हा आकडा ७ नॅनोग्रॅम समजला तर कमी साठ्याची स्त्री भरपूर साठ्याची ठरते. इस्ट्राडिओलचे पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ३.६७ ने गुणले की पिकोमोल प्रति लिटर मिळतात. शक्य असेल तर पुन्हा करायची तपासणी त्याच लॅबमध्ये करावी, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर त्याच रक्ताचे एएमएच वेगळे येते. दोन लॅबमधील १.२ आणि ०.९ यांवरून साठा घसरला असे म्हणता येत नाही.

एएमएच

सर्वांत जास्त भीती घालणारा आकडा हाच, म्हणून त्यावर जरा थांबले पाहिजे. अंडाशयात वाढीला लागलेल्या लहान फॉलिकलमधील पेशी हे हार्मोन तयार करतात. अशा फॉलिकलची संख्या जास्त तितके एएमएच जास्त, आणि त्यांची संख्या ही शिल्लक साठ्याच्या प्रमाणात असते, म्हणून एएमएचवरून साठ्याचा अंदाज बांधतात. फॉलिकल मोठे होऊ लागले की त्यातील एएमएच कमी होते. त्यामुळे या महिन्यात बीज फुटणार की नाही, याच्याशी या आकड्याचा संबंध नसतो. बीज चांगले की वाईट, हेही तो सांगत नाही.

इंजेक्शनांना मिळणारा प्रतिसाद कमी असेल असे मानण्यासाठी युरोपातील तज्ज्ञांनी २०११ मध्ये बोलोन्या निकषांत ०.५ ते १.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा धरली. २०१६ मध्ये मांडलेल्या पोसायडन वर्गीकरणात ती १.२ आहे. या रेषा प्रतिसादाच्या आहेत हे विसरू नये. २०१७ मध्ये अमेरिकेतील ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या सुमारे ७५० स्त्रियांची पाहणी होती. एएमएच ०.७ पेक्षा कमी असलेल्या स्त्रियांमध्ये सहा महिन्यांच्या नैसर्गिक प्रयत्नांत गर्भधारणेची शक्यता ६५ टक्के आणि साठा व्यवस्थित असलेल्यांत ६२ टक्के आढळली. म्हणजे व्यवहारात काहीच फरक नव्हता. नैसर्गिक गर्भधारणेला महिन्याला एक बीज पुरते, आणि साठा कमी असला तरी पाळी नियमित असेपर्यंत ते एक बीज बहुधा मिळत असते. म्हणून लग्नाआधी किंवा प्रयत्न सुरू करण्याआधीच ‘सहज’ म्हणून एएमएच तपासून घाबरून जाण्यात अर्थ नाही.

आयव्हीएफमध्ये मात्र बीजांची संख्या महत्त्वाची ठरते. युनायटेड किंग्डममधील १९९१ ते २००८ या काळातील चार लाखांवर फेऱ्यांच्या अभ्यासात असे दिसले, की मिळालेल्या बीजांची संख्या साधारण पंधरापर्यंत वाढते तोवर ताज्या भ्रूणापासून मूल जन्माला येण्याचे प्रमाणही वाढते, पंधरा ते वीसच्या दरम्यान ते स्थिरावते आणि त्यापुढे घसरते. एएमएच कमी असेल तर दर फेरीत बीजे कमी, म्हणून निवडीला भ्रूण कमी, आणि म्हणून कदाचित एकापेक्षा जास्त फेऱ्या, असा त्याचा अर्थ होतो. ‘कमी एएमएच’ याचा व्यवहारातील अनुवाद ‘जास्त वेळ आणि जास्त खर्च लागू शकतो’ असा करावा. ‘मूल होणार नाही’ असा करू नये. माझ्या मते केवळ एका एएमएच रिपोर्टवरून तिशीतील स्त्रीला दुसऱ्या स्त्रीचे बीज घेण्याचा सल्ला मिळाला, तर आणखी एका तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

एएमएचचा आकडा सोनोग्राफीशी पडताळून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांतील २ ते १० मिलिमीटरचे फॉलिकल मोजतात. त्याला एएफसी म्हणतात. दोन्ही मिळून पाच-सातपेक्षा कमी असतील तर साठा कमी समजतात. एएमएच आणि एएफसी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर अंदाज भक्कम होतो. एएमएच ०.६ आणि एएफसी मात्र १६ असे विसंगत चित्र असेल तर आधी तपासणीत चूक शोधावी. एएफसी मोजणाऱ्याच्या हातावर आणि यंत्रावर अवलंबून असते, हेही ध्यानात ठेवावे.

वयाच्या मानाने एएमएच फारच कमी असेल, तर कारण शोधण्यासाठी तीन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात: अंडाशयावरील शस्त्रक्रिया, विशेषतः चॉकलेट सिस्ट (अंडाशयातील जुन्या रक्ताची गाठ) काढलेली असणे, पूर्वी घेतलेली केमोथेरपी किंवा रेडिएशन, आणि आई, मावशी किंवा बहिणीची पाळी चाळिशीच्या आत गेलेली असणे. शेवटच्या गोष्टीवरून जनुकीय तपासणीची गरज ठरू शकते. चॉकलेट सिस्टची शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल, तर ती करण्यापूर्वी एएमएच करून घ्यावे, कारण त्या शस्त्रक्रियेने साठा घटू शकतो आणि बीजे आधी काढून ठेवावीत का, हा विचार शस्त्रक्रियेपूर्वीच करता येतो. एएमएच वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि गोळ्या यांच्यावर पैसे घालवू नयेत. संपलेला साठा भरून काढणारे औषध आज उपलब्ध नाही. डीएचईए या हार्मोनच्या गोळीसारखी औषधे सर्वांना सरसकट देण्याची शिफारसही युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत नाही.

जास्त एएमएच ही निव्वळ आनंदाची बातमी नसते. ३.४ च्या वरील एएमएच किंवा २४ पेक्षा जास्त एएफसी असलेल्या स्त्रीला इंजेक्शनांचा अतिप्रतिसाद होऊन अंडाशय सुजण्याचा, पोटात पाणी होण्याचा धोका जास्त असतो. पीसीओएसमध्ये (अंडाशयात अनेक लहान फॉलिकल साठून पाळी अनियमित होण्याच्या विकारात) असे चित्र नेहमी दिसते, आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ स्त्रीमध्ये पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफीऐवजी एएमएचही ग्राह्य धरता येते. एलएच आणि एफएसएच यांचे गुणोत्तर पाहून पीसीओएस ठरवण्याची जुनी सवय अजून काही रिपोर्टांवर दिसते. निदानाच्या निकषांत ते गुणोत्तर नाही. एएमएच जास्त असेल तर पहिला प्रश्न असा विचारावा, की औषधाचा डोस कमी ठेवणार आहात का, आणि अतिप्रतिसाद झाला तर त्या महिन्यात भ्रूण सोडण्याऐवजी सर्व भ्रूण गोठवून ठेवण्याची तयारी आहे का.

एफएसएच आणि इस्ट्राडिओल एकत्रच वाचावेत

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा साठा मोजण्यासाठी एएमएच वापरण्याची पद्धतच नव्हती. पुढेही बराच काळ एफएसएचवरच भिस्त होती. अंडाशय थकले की मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी त्यांना ढकलण्यासाठी जास्त एफएसएच सोडते, म्हणून पाळीच्या सुरुवातीचा आकडा १० च्या वर गेला तर साठा कमी असल्याची शंका घेतात आणि २५ च्या वर, पाळी अनियमित असताना, अंडाशयाचे काम अकाली थांबत असल्याचा विचार करतात. अडचण अशी, की हा आकडा महिन्यामहिन्याला बदलतो आणि तो वाढेपर्यंत साठा बराच घटलेला असतो. एका महिन्यात १३ आणि दुसऱ्या महिन्यात ८ आले, तर ८ आलेला महिना ‘चांगला’ म्हणून त्याची वाट पाहत बसू नये. एकदा वाढलेले एफएसएच पुढे खाली दिसले तरी प्रतिसादाचा अंदाज फारसा सुधारत नाही.

त्याच दिवशीचे इस्ट्राडिओल पाहिल्याशिवाय एफएसएचचा अर्थ लावता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इस्ट्राडिओल ६० ते ८० पिकोग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर ते एफएसएचला दाबून ठेवते. अशा वेळी एफएसएच ७ दिसले तरी ते खरे ७ नसते. मागच्या महिन्यातील सिस्ट शिल्लक असणे किंवा फॉलिकल वेळेआधीच वाढू लागणे, अशी त्याची कारणे असतात आणि सोनोग्राफीत ती बहुधा दिसतात. फक्त एफएसएच केलेला रिपोर्ट हातात असेल तर तो अर्धाच रिपोर्ट समजावा.

टीएसएच आणि प्रोलॅक्टिन

हे दोन आकडे यशाचा अंदाज देण्यापेक्षा वाटेतील अडथळा दाखवतात, आणि अडथळा औषधाने दूर होतो. टीएसएच ४ च्या वर असेल तर उपचारांपूर्वी ते खाली आणतात, २.५ ते ४ या पट्ट्यात मतभेद आहेत आणि अनेक डॉक्टर आयव्हीएफपूर्वी २.५ च्या खाली ठेवणे पसंत करतात. टीएसएच व्यवस्थित असून केवळ टीपीओ अँटिबॉडी (थायरॉइडविरुद्ध शरीरानेच तयार केलेली प्रथिने) आढळल्या, तर थायरॉइडची गोळी दिल्याने मूल होण्याचे प्रमाण वाढत नाही, असे ब्रिटनमधील ‘टॅब्लेट’ चाचणीत २०१९ मध्ये दिसून आले.

प्रोलॅक्टिन थोडेसे वाढलेले असेल तर लगेच गोळ्या सुरू करण्याआधी तपासणी पुन्हा करावी. झोपेतून उठल्या उठल्या, धावतपळत लॅबमध्ये पोहोचून, सुईच्या भीतीत दिलेल्या रक्तातही ते वाढलेले येते. उठल्यानंतर दोन-तीन तासांनी, उपाशीपोटी, थोडा वेळ शांत बसून रक्त द्यावे. ॲसिडिटीसाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा डोमपेरिडोन मिसळलेले असते आणि ते प्रोलॅक्टिन चांगलेच वाढवते. मानसिक आजारांवरील काही औषधेही वाढवतात. ही शेवटची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. टीएसएच वाढलेले असेल तर त्यामुळेही प्रोलॅक्टिन वाढते, तेव्हा आधी थायरॉइडचे पाहावे.

नवऱ्याचा कागद

रिपोर्ट वाचण्याचे काम बायकोच्या फाईलपाशी संपते, ही आपल्या घरांतील जुनी खोड आहे. पुरुषाची पहिली तपासणी वीर्याची. हार्मोन तपासण्या शुक्राणूंची संख्या फारच कमी असेल, किंवा लैंगिक तक्रार असेल तेव्हा करतात. त्यात एफएसएच आणि सकाळी घेतलेले टेस्टोस्टेरॉन मुख्य असते. शुक्राणू अजिबात नसताना एफएसएच वाढलेले असेल, तर दोष वाहिनी बंद असण्यात नसून निर्मितीत असण्याची शक्यता जास्त. एफएसएच आणि एलएच दोन्ही तळाला गेलेले असतील तर एक प्रश्न स्पष्टपणे विचारावा लागतो: जिममध्ये किंवा ‘ताकदीसाठी’ टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली होती का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की शरीर स्वतःची शुक्राणुनिर्मिती थांबवते, आणि इंजेक्शने बंद केल्यावर ती पूर्ववत व्हायला अनेक महिने लागतात. हे उत्तर वेळेवर मिळाले तर संपूर्ण आयव्हीएफ टळू शकते.

उपचार चालू असतानाचे आकडे

इंजेक्शने सुरू झाल्यावर दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी आणि अनेक केंद्रांत इस्ट्राडिओलची तपासणी होते. पक्व फॉलिकलमागे साधारण २०० ते ३०० पिकोग्रॅम असा ढोबळ हिशेब असतो, पण लेट्रोझोल (इस्ट्राडिओल कमी करणारी गोळी) चालू असेल तर इस्ट्राडिओल मुद्दाम खाली ठेवलेले असते, आणि त्या आकड्यावरून वाढ होत नाही असे समजू नये. इस्ट्राडिओल ३,५०० च्या वर गेले किंवा फॉलिकल पंचवीसच्या आसपास झाले तर अतिप्रतिसादाचा धोका मोठा असतो. अशा वेळी नेहमीच्या एचसीजी ट्रिगरऐवजी (बीजे काढण्यापूर्वी ती पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनाऐवजी) दुसऱ्या प्रकारचे ट्रिगर देऊन भ्रूण गोठवतात. बीज काढल्यानंतर पोट घट्ट फुगणे, एका दिवसात किलोभर वजन वाढणे, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी केंद्राशी संपर्क साधावा. पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

ट्रिगरच्या दिवशीचे प्रोजेस्टेरॉन हा यशाशी खरोखर जोडलेला आकडा आहे. ते १.५ नॅनोग्रॅमच्या वर गेले असेल तर गर्भाशयाचे अस्तर वेळेआधी पुढे सरकते आणि त्याच फेरीत ताजे भ्रूण सोडल्यास गर्भधारणेचे प्रमाण घटते. भ्रूणाला त्याने इजा होत नाही. म्हणून तेच भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यात सोडले की हा तोटा राहत नाही. केंद्राने ऐनवेळी ‘या वेळी ट्रान्सफर नको’ म्हटले तर त्यामागे बहुधा हेच कारण असते, आणि ते निराश होण्यासारखे नाही.

गोठवलेले भ्रूण औषधांवर तयार केलेल्या अस्तरात सोडतात तेव्हा शरीराचे स्वतःचे प्रोजेस्टेरॉन नसते, सगळा भार बाहेरच्या औषधावर असतो. योनीमार्गे गोळी किंवा जेल घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तातील पातळी साधारण ९ ते १० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर गर्भ टिकण्याचे प्रमाण कमी आढळले आहे, आणि काही केंद्रे अशा वेळी इंजेक्शनाची जोड देतात. येथे एक अडचण असते. आपल्याकडे मोठ्या प्रमाणात दिले जाणारे डायड्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध या तपासणीत मोजलेच जात नाही. केवळ तेच घेत असलेल्या स्त्रीचा प्रोजेस्टेरॉनचा आकडा कमी आला तर औषध काम करत नाही असा अर्थ निघत नाही.

बीटा एचसीजीचा रिपोर्ट

पाच दिवसांचे भ्रूण सोडल्यावर साधारण नऊ ते बारा दिवसांनी बीटा, म्हणजे रुजलेल्या गर्भातून रक्तात येणारे एचसीजी हार्मोन, तपासतात. त्याआधी घरच्या पट्टीवर तपासू नये, कारण एचसीजीचे ट्रिगर घेतलेले असेल तर ते दहा ते चौदा दिवस रक्तात राहून खोटी दुसरी रेघ दाखवू शकते. ५ पेक्षा कमी म्हणजे निगेटिव्ह. पहिला आकडा किती मोठा आहे, यापेक्षा अठ्ठेचाळीस तासांनंतर तो किती वाढला हे पाहावे. पहिला आकडा १,५०० च्या आत असताना अठ्ठेचाळीस तासांत किमान ४९ टक्के वाढ अपेक्षित असते. १,५०० ते ३,००० मध्ये ४० टक्के आणि त्यापुढे ३३ टक्के. ‘दुप्पट झालाच पाहिजे’ हा समज त्यामुळे थोडा कडक आहे. वाढ याहून कमी असेल तर गर्भपात किंवा गर्भ नळीत राहिल्याची शक्यता तपासावी लागते. पोटात एका बाजूला दुखणे, चक्कर किंवा रक्तस्राव असेल तर तातडीने.

डॉक्टरांना काय विचारावे

‘आमचा चान्स किती?’ या प्रश्नाला कोणीही गोल उत्तर देऊ शकतो. त्याऐवजी, माझ्या वयाच्या आणि माझ्यासारखा साठा असलेल्या स्त्रियांपैकी तुमच्या केंद्रात एका फेरीनंतर किती जणींना मूल झाले, असे विचारावे. टक्केवारी सांगितली गेली तर ती बीटा पॉझिटिव्हची आहे, ठोके दिसल्याची आहे की जन्मलेल्या बाळांची आहे, हे विचारावे. ट्रान्सफर झालेल्यांपैकी आहे की इंजेक्शने सुरू केलेल्या सर्वांपैकी आहे, हेही विचारावे. हे आकडे एकमेकांपासून फार दूर असतात. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानुसार यशाची शक्यता, धोके, दुष्परिणाम आणि खर्च यांविषयी समुपदेशन करणे केंद्रांवर बंधनकारक आहे, त्यामुळे हे विचारताना संकोच करण्याचे कारण नाही. त्याच कायद्यात उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ अशी मर्यादा आहे. गर्भनलिका बंद असणे, गर्भाशयाचे आतील अस्तर एकमेकांना चिकटलेले असणे किंवा आपल्याकडे अजून आढळणारा जननेंद्रियांचा क्षय यांपैकी कशाचाही पत्ता हार्मोनच्या कागदावर लागत नाही, तेव्हा नलिका आणि गर्भाशय यांची तपासणी झाली आहे का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

पहिली फेरी अयशस्वी झाली तर दुसऱ्या केंद्रात जाताना जुने एएमएच रिपोर्ट घेऊन जाण्यापेक्षा त्या फेरीची नोंद घेऊन जावी: कोणते इंजेक्शन, रोजचा डोस, किती दिवस, ट्रिगर कोणते, बीजे किती निघाली, त्यांतली पक्व किती, फलित किती, पाचव्या दिवसापर्यंत किती भ्रूण पोहोचले आणि ट्रिगरच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन किती होते. फेरीपूर्वीचे हार्मोन प्रतिसादाचा अंदाज देतात. फेरी झाल्यावर प्रत्यक्ष प्रतिसादच हाती असतो, आणि पुढचा डोस ठरवताना तो कोणत्याही अंदाजापेक्षा जास्त उपयोगी पडतो. एएमएच चांगले असून बीजे तीनच निघाली असतील तर डोस किंवा पद्धत बदलून पाहण्यास वाव असतो. बीजे भरपूर निघून भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोहोचले नसतील तर प्रश्न साठ्याचा नसून बीजाच्या किंवा शुक्राणूच्या गुणवत्तेचा असतो, आणि तेथे एएमएच पुन्हा तपासून काहीच हाती लागत नाही. ही नोंद केंद्राकडून लेखी मागून घ्यावी, आणि ती मागण्याची योग्य वेळ फेरी संपल्यानंतरची पहिली भेट हीच आहे.